हवा करणारी नळी

गाडीवर पैसे घालायचे दोन प्रकार आहेत. एक चारचौघांना दिसणारा आणि दुसरा इंटेक मॅनिफोल्ड. पहिल्या प्रकारात अलॉय व्हील येतात, मागच्या काचेवर आईवडिलांची कृपा येते आणि 4141 हा नंबर अशा वळणाने रंगवून घेता येतो की आरटीओला आकडा दिसावा आणि गावाला ‘दादा’. ह्या सगळ्याला गावात किंमत आहे. मॅनिफोल्डला नाही. तो बॉनेटखाली, फिल्टरच्या मागे, इंजिनाला चिकटून दडलेला असतो. त्यावर दाबून खर्च केलेला पोरगा मग नांदेडच्या आयटीआय चौकात टपरीसमोर बॉनेट उघडं टाकून उभा राहतो आणि येणारा-जाणारा थांबून हळहळतो, “बंद पडली का? ढकलू लागू का?”

माझा लातूरचा भाचा ह्या दुसऱ्या पंथातला. विष्णुपुरीला गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. तो तिथे मेकॅनिकलला आहे. येताना त्याने दाजींची जुनी मारुती एस्टीम आणली. 1298 सीसी, चार सिलिंडर, कंपनीच्या कागदावर 85 अश्वशक्ती. आल्या आल्या, दाजींशी फोन चालू असतानाच, त्याने निदान केलं.

“मामा, कंपनीनं हिला दाबून ठेवलंय.”

“कशापायी?”

“ॲव्हरेजपायी.”

हा एक शब्द ऐकून फोनच्या पलीकडे दाजी जागे झाले. “किती देते?”

गाडीच्या ताकदीविषयी आपल्याकडे होणारी प्रत्येक चर्चा शेवटी ह्या दोन शब्दांवर येऊन आपटते, म्हणून भाच्याने फोन ठेवून मला समजवायला घेतलं. फिल्टरमधून हवा येते, थ्रॉटलच्या झडपेतून एका पेटीत शिरते. तिला प्लेनम म्हणतात. पेटीतून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी जाते, ती रनर. पेटी आणि नळ्या मिळून मॅनिफोल्ड. एवढं इंजिन सहा हजार आरपीएमला पूर्ण भरत गेलं तर मिनिटाला जवळजवळ 3,900 लिटर हवा ओढतं. पेट्रोल पंपावर मिळतं, हवा फुकट असते, तरी इंजिनाची खरी अडचण हवाच असते. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे. ते जळायला तितकी हवा आत कोंबणं अवघड.

बरं, नुसती पुष्कळ हवा येऊन भागत नाही, ती चौघांना सारखी मिळायला हवी. हे मला लगेच उमगलं, कारण लातूरशी नातं असलेल्या माणसाला नळाची लाइन समजावून सांगावी लागत नाही. आठ-दहा दिवसांनी पाणी सुटतं, गल्लीच्या तोंडचं घर टुल्लू लावून ओढतं आणि शेवटच्या घरात तोटीतून नुसता फुसफुस आवाज येतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे ते. टाकी केवढी आहे ह्यापेक्षा आपलं घर लाइनवर कुठं आहे, हा प्रश्न तिथं मोठा असतो. मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडर टुल्लूवाले. पेटी लहान पडली, नळ्यांची वळणं कमी-जास्त झाली की थ्रॉटलजवळचा ढेकर देतो आणि टोकाचा उपाशी राहतो. मग इंजिन थरथरतं आणि मिस्त्री म्हणतो, “मिसिंग मारतीय.”

इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्याने लाट काढली.

पिस्टन खाली जातो, नळीतली हवा त्याच्या मागे धावते. तेवढ्यात व्हॉल्व्ह बंद होतो, पण मागून येणाऱ्या हवेला ते कुणी कळवलेलं नसतं. ती येऊन बंद दारावर आदळते, दाटते आणि दाबाची एक लाट ध्वनीच्या वेगाने उलटी पळते. पेटीपर्यंत जाते, तिथून माघारी फिरते, पुन्हा दाराकडे येते. अशा तिच्या येरझाऱ्या चालू असतात. व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळी दाबाची लाट नेमकी दारात हजर असेल, तर जास्तीची हवा आत ढकलली जाते. टर्बो नको, जास्तीचं पेट्रोल नको, फक्त वेळ जुळायला हवी. आणि वेळ ठरते नळीच्या लांबीवर. सहा हजार आरपीएमला इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो. तेवढ्यात लाट साडेतीन मीटर पळते. दोन हजारला त्याच फेऱ्याला तिप्पट वेळ लागतो, म्हणून लाटेला तिप्पट हिंडवावं लागतं. थोडक्यात, नळी लांब तर ताकद खाली, कमी आरपीएमला. नळी आखूड तर ताकद वर. एका लांबीत दोन्ही मिळत नाही. मॅनिफोल्ड निवडायचा म्हणजे मुळात एवढंच ठरवायचं की आपण कुठल्या आरपीएमला राहतो.

हा प्रश्न कुणालाच आवडत नाही. 1960 साली अमेरिकेत क्रायस्लरने 300 एफ नावाची गाडी काढली. तिच्या इंजिनावरून तीस-तीस इंची नळ्या ह्या बाजूकडून त्या बाजूला गेलेल्या होत्या. ओव्हरटेक करताना मधल्या आरपीएमला दणकट ओढ, ही तिची कीर्ती. पण शर्यतवाल्यांना वरची ताकद हवी होती. कंपनीने मग नळ्या बाहेरून तेवढ्याच लांब ठेवल्या आणि आतली मधली भिंत कापून लाटेचा रस्ता अर्ध्यावर आणला. 375 अश्वशक्तीचे 400 झाले. बाहेरून काहीच कळत नव्हतं. आयटीआय चौकात तेही बॉनेट उघडून उभे राहिले असते.

पुढे पैसेवाल्यांनी निवडच नाकारली. 1991 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या मझ्दा 787 बी च्या नळ्या चालता चालता लांब-आखूड होत होत्या. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने रस्त्यावरच्या गाडीत तसा मॅनिफोल्ड बसवला. फॉर्म्युला वनने 2006 पासून असल्या नळ्यांना बंदी घातली आणि 2015 मध्ये ती उठवली. जगातल्या सर्वांत महागड्या इंजिनांनाही मधली काही वर्षं ‘एक काहीतरी धरा’ असं सांगावं लागलं. भाच्याला मात्र सांगावं लागलं नाही. त्याने धरलं होतं. सात हजार.

“सात हजाराला तू कधी जाणार रे?”

“जायचा प्रश्न नसतोय मामा. असलं पाहिजे.”

भाचा लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला. प्रश्न कुठलाही असो, आधी टेस्ट सिरीज. त्याने पीव्हीसी पाइपाचे तुकडे कापले, एक्सेलमध्ये तक्ता केला आणि एक शोध लावला जो मला आजही पटतो आणि आजही निरुपयोगी वाटतो. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. पंधरा अंशांना तो सेकंदाला 340 मीटर असतो, चव्वेचाळीसला 357 च्या आसपास. म्हणजे डिसेंबरात चाळीस सेंटिमीटरची नळी बरोबर जुळवली, तर मे महिन्यात तीच नळी हिशेबाने दोन सेंटिमीटर आखूड पडते.

“मग उन्हाळ्याची वेगळी बसव की,” मी म्हणालो.

त्याने ते तक्त्यात लिहून घेतलं.

तक्ता घेऊन आम्ही देगलूर नाक्याकडच्या गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी तक्ता दोन्ही बाजूंनी पाहिला, त्यावर नट-बोल्ट ठेवले, गाडीचं बॉनेट उघडलं, रेस दिली आणि कान लावला. मग म्हणाले, “नीचे का पिकअप गया तो ऊपर का लेके क्या करते?” तीन दिवस भाच्याने लॅपटॉपवर जे काढलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात बसवलं आणि भाच्याने ते अशास्त्रीय म्हणून फेटाळलं.

उस्तादांकडे मॅनिफोल्डचे प्रकार ठरलेले आहेत. पहिला कंपनीचा, जसा आहे तसा. ह्यात त्यांना काहीच मिळत नाही, तरी ते प्रामाणिकपणे आधी हाच सुचवतात. दुसरा कंपनीचाच, पण घासलेला. मॅनिफोल्डचं तोंड आणि हेडचं तोंड कारखान्यात अगदी तंतोतंत जुळतंच असं नाही. मधे एखाद-दीड मिलिमीटरची पायरी राहते. पॅकिंगचा कागद दोन्हीकडे लावून खूण करायची आणि ग्राइंडरने पायरी काढायची. बाहेरून आत येताना वाट किंचित रुंदावली तर चालतं. अचानक अरुंद झाली की हवा ठेचकाळते. सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचं, त्यामुळे ह्याला गिऱ्हाईक सर्वांत कमी. तिसरा भंगारातला, दुसऱ्या गाडीचा, ‘बैठ जाता’ ह्या हमीवर. चौथा बनवून घ्यायचा: ॲल्युमिनियमची मोठी पेटी, त्याला आखूड नळ्या, लेथवर फ्लँज आणि आर्गनवाल्याकडून वेल्डिंग. पाचव्यात पेटी नसतेच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आणि त्यावर कर्णा. त्याचा आवाज स्वर्गीय असतो आणि चारही थ्रॉटल एकसारखे उघडतील असे जुळवायला बसलं की स्वर्गवासी पूर्वजही आठवतात. नव्या गाड्यांचे मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या नायलॉनचे असतात. हलके, आतून गुळगुळीत, लवकर न तापणारे. ते समोर आले की आर्गनवाला हात मागे बांधून नुसता बघत राहतो.

भाच्याने चौथा धरला.

आर्गनवाल्याकडे ट्रॅक्टरची फुटलेली हाउसिंग, दुधाचे कॅन आणि एका हॉटेलचं पातेलं रांगेत होतं. पातेल्याच्या मागे आमचा नंबर लागला. पेटी केवढी असावी ह्यावर भाचा इंजिनाच्या मापाइतकी ते दीडपट असं सांगू लागला. हवेच्या पेटीच्या गणितात ज्यांचं नाव येतं ते हेल्महोल्ट्झ नावाचे जर्मन शास्त्रज्ञ 1894 सालीच वारले, त्यामुळे पुढचा प्रसंग त्यांनी पाहिला नाही. आर्गनवाल्याने सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्यातला पत्रा उचलला आणि म्हणाला, “एवढ्यात जेवढी होईल तेवढी करतो.”

नळ्या बसवायच्या आधी भाचा पॉलिश पेपर घेऊन बसला. आतून तोंड दिसेपर्यंत घासायच्या, म्हणजे हवा सुळकन जाते, ही सार्वत्रिक श्रद्धा आहे. इंजेक्शनच्या गाडीत त्याने मोठंसं काही मिळत नाही आणि कार्बोरेटरच्या गाडीत तर उलटं होतं: भिंत थोडी खरखरीत असली तर तिला चिकटलेलं पेट्रोल पुन्हा हवेत मिसळतं, गुळगुळीत भिंतीवरून ते ओघळतं. हे भाच्याला माहीत होतं. तरी त्याने घासलं. तोंड दिसत होतं ना.

एवढं झाल्यावर थंड हवेचा विषय निघाला. थंड हवा दाट असते, म्हणून शौकीन मंडळी कोल्ड एअर इंटेक बसवतात; बॉनेटच्या तापातून पाइप बाहेर काढून बाहेरची गार हवा ओढायची. कल्पना उत्तम आहे. मे महिन्यात नांदेडात गार हवा नेमकी कुठं आहे हे कळलं असतं, तर आधी माणसं तिथं गेली असती. पंधरा अंशांच्या मानाने चव्वेचाळीस अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. शिवाय लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा दीड-दोनशे मीटर तरी उंच. आणि शंभर मीटर चढलं की साध्या इंजिनाची साधारण टक्काभर ताकद जाते. म्हणजे आजोळी येताना भाच्याची गाडी जोरात आणि घरी जाताना सुस्त. हे इंजिनाचं आहे की भाच्याचं, हे ताईला विचारावं लागेल.

त्यात धूळ. कंपनीचा डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला की आवाज मर्दानी येतो. पण फिल्टर स्वस्तातला असेल तर शेतरस्त्याची धूळ आत जाते, रिंगा खाते आणि काही महिन्यांत गाडी निळा धूर सोडते. ह्या बाबतीत आमच्या भागातलं सर्वांत शहाणं वाहन ट्रॅक्टर. जुन्या ट्रॅक्टरचं हवा घ्यायचं तोंड बॉनेटच्याही वर, धुळीच्या लोटापासून उंच असतं. खाली तेलाच्या भांड्यात हवा धुऊन निघते. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक्टरला आपण कुठं राहतो ह्याविषयी शंका नसते. हजार-पंधराशे ते दोन-सव्वादोन हजार आरपीएम, त्याच्यावर त्याला काही नको. महाराष्ट्रात गावोगाव ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी नेण्याच्या स्पर्धा होतात आणि त्याही तो ह्याच ताकदीवर जिंकतो. सात हजाराचं स्वप्न पडलेला ट्रॅक्टर मी पाहिलेला नाही.

मॅनिफोल्ड बसला. इंजिन चालू झालं आणि आवाज असा आला की शेजारचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. आम्ही नांदेड-लातूर रस्त्यावर निघालो. तो आता राष्ट्रीय महामार्ग 361 आहे आणि पूर्वीच्या मानाने झकास झाला आहे. एस्टीम तिसऱ्या गिअरमध्ये सात हजाराला नेली तर वेग शंभराच्या पुढे जातो. पण दिवस दिवाळीच्या आधीचे होते. लोह्याच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत होतं. पुढे स्पीडब्रेकर, मग म्हशी, मग पुन्हा स्पीडब्रेकर. अहमदपूरपर्यंत गाडी बहुतेक वेळ तिसऱ्यात चाळीसने चालली, म्हणजे दोन हजार आरपीएमच्या आसपास. आणि बरोबर तिथंच तिच्यात काही उरलेलं नव्हतं. सोयाबीनचं पोतं घेऊन चाललेली लुना आम्हाला चढावर जड गेली. चाकूरच्या अलीकडे एकदा मोकळा पट्टा मिळाला, काटा पाच हजाराच्या वर गेला, गाडी खरंच उसळली, भाच्याचा चेहरा उजळला, आणि समोर बारशाचा मांडव आला.

आता असं कुणी म्हणेल की आखूड नळी हा निव्वळ चक्रमपणा. तसं नाही. ती जिथली आहे तिथं ती खरी आहे. मारुती 800 चं 796 सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन घेऊन 1988 मध्ये कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन ह्यांनी फॉर्म्युला मारुती नावाची एकआसनी शर्यतीची गाडी उभी केली. नारायण कार्तिकेयनच्या सुरुवातीच्या शर्यती तसल्याच गाडीत झाल्या. करिवर्धन ह्यांच्याच नावाच्या कोइम्बतूरच्या ट्रॅकवर आता देशभरातली अभियांत्रिकीची पोरं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन जातात. त्यांच्या पेट्रोल इंजिनाला नियम असा की सगळी हवा फक्त 20 मिलिमीटरच्या भोकातून गेली पाहिजे. तिथं हवेचा वेग ध्वनीइतका झाला की भोक तुंबतं. कितीही ओढा, सेकंदाला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमच्या वर काही मिळत नाही. परीक्षक त्या तोंडाला बूच लावतात आणि इंजिन तात्काळ बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर तुम्ही कुठून तरी चोरून हवा घेताय. बरेच संघ चाकणला बनणाऱ्या केटीएमचं 373 सीसी इंजिन घेतात आणि महिनोन्‌महिने मॅनिफोल्डवरच डोकं घालतात. पण त्यांचा पहिला कागद नळीचा नसतो, ट्रॅकचा असतो. वळणं किती, गाडी बहुतेक वेळ कितीवर फिरणार, ते आधी, नळी नंतर. भाच्याने ट्रॅकचा कागद काढला असता तर त्यावर सोयाबीन आलं असतं.

कायद्याचंही एक सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. प्रत्यक्षात सापडतात ते सायलेन्सरवाले. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवला. मॅनिफोल्डवर अजून रोलर फिरला नाही. पोलिसांनाही तो दिसत नाही. भाच्याला ह्याचं हायसं वाटावं, तर त्याला वाईट वाटलं.

डिसेंबरात दाजींच्या पुतण्याचं लग्न निघालं. नवरदेवाला कोणत्या गाडीतून न्यायचं ह्यावर चर्चा झाली नाही. घरात ‘रेसिंग’ गाडी असताना कशाला व्हायला पाहिजे? एस्टीमला झेंडू लागला, बॉनेटवर दोन हृदयं चिकटली आणि ती डीजेच्या मागे उभी राहिली. वरातीचा वेग तासाला अर्धा किलोमीटर असतो. इंजिन नऊशे आरपीएमवर, मधूनच पहिला गिअर, मधूनच क्लच. मोठी पेटी, आखूड नळ्या, आत ओढ नाही, शिवाय पत्र्याचा एक सांधा बारीक हवा घेत होता. गाडी हुंकार देत वर-खाली करू लागली, मग मिसिंग मारू लागली आणि मारुतीच्या पाराजवळ, नाच ऐन रंगात आलेला असताना, बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद पडली. भाचा रेस देऊन धरू लागला तर नवरदेवाच्या मामांना वाटलं पोरगं डीजेशी स्पर्धा करतंय. शेवटी नाचणाऱ्यांपैकी सहा जण मागे आले आणि नवरदेव मांडवापर्यंत ढकलत आला. ढकलणाऱ्यांत दाजी होते. धापा टाकत त्यांनी खिडकीतून विचारलं, “अन् आता किती देते?”

दुसऱ्या सोमवारी गाडी उस्तादांकडे गेली. उस्तादांनी काहीच विचारलं नाही. बाकड्याखालून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंपनीचा मॅनिफोल्ड काढला. तो धुऊन, तेल लावून ठेवलेला होता आणि त्याच्या तोंडाची पायरीही त्यांनी मधल्या काळात घासून काढली होती. भाव त्यांनी आधीच सांगितला: “उतारने का अलग, चढ़ाने का अलग।” गाडी आता खालून अशी उचलते की भाचा स्वतःच चकित आहे आणि तक्त्यात दोन हजाराचा नवा रकाना पाडून बसला आहे.

आखूड मॅनिफोल्ड उस्तादांनी भिंतीला टांगला. आठवडाभरात उदगीरचं एक पोरगं येऊन तो घेऊन गेलं. त्याच्या गाडीचा कंपनीचा मॅनिफोल्ड कागदात गुंडाळून बाकड्याखाली गेला. आखूड नळीतली लाट कितीव्या आरपीएमला दारात परत येते, हे काढायला भाच्याला लॅपटॉप लागला. ती लग्नसराईत परत येते, हे उस्तादांना तोंडपाठ आहे.